तक्रार: नवरा भांडत नाही

"माझा नवरा भांडत नाही."

तक्रारीच्या मथळ्यात मी एवढंच लिहिलं. खाली ठरलेले प्रश्न होते. काय व्हायला हवं होतं? मी लिहिलं, भांडण. प्रत्यक्षात काय झालं? 'चालेल' म्हणाले. दोष पुन्हा घडवून दाखवता येईल का? घरी या, चहा पिता पिता दाखवते.

संध्याकाळपर्यंत उत्तर आलं. "नमस्कार उज्ज्वलाताई. आपण सांगितलेलं वागणं हा प्रोग्रॅममधला दोष वाटत नाही. एक्स्टेन्शन अपेक्षेप्रमाणे काम करत आहे. तक्रार बंद करत आहे. इरफान बागवान, बार्शी." आणि खरंच बंद केली की हो!

मी ती लगेच परत उघडली. साखर कारखान्याच्या ऑफिसात टायपिंग करण्यात माझी सगळी नोकरी गेली. निकाली निघालेलं प्रकरण परत टेबलावर कसं आणायचं, हे मला बार्शीच्या माणसानं शिकवायला नको.

आता माझा नवरा आधी कसा भांडायचा ते सांगते, नाहीतर तुम्हालाही वाटेल, बाईला सुख बोचतंय.

हिंदुराव मगदूम. कुस्ती मैदानाचे निवेदक. गडहिंग्लजच्या आसपास कुठल्याही गावची जत्रा असो, माइक घेऊन आखाड्याच्या कडेला उभे राहिले की पैलवानाचं गाव, त्याचा वस्ताद, त्याचा आवडता डाव, सगळं तोंडपाठ. "आता ढाक लावणार बघा" म्हणाले की ढाक लागलीच म्हणून समजा. घरीही तोच आवाज. आमटीत गूळ जास्त झाला तर पलीकडच्या गल्लीला कळायचं. मीही काही मुकी नाही. पंखा किती वर ठेवायचा, लग्नाच्या आहेरात काय द्यायचं, पुण्याला लेकीकडे जाऊन राहायचं की नाही, कशावरूनही आमची जुंपायची. पण भांडणाचा शेवट ठरलेला. मी कमरेवर हात ठेवून विचारायची, "माझ्याशी लग्न करून पस्तावलात ना?" ते मान दुसरीकडे वळवायचे आणि जीभ टाळूला लावून आवाज काढायचे, "च्यक्." बस, भांडण मिटलं. मग चहा.

गेल्या वर्षी त्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. जगले, पण हात गेले, पाय गेले आणि तो आवाज गेला. जीभ हलेना, ओठ हलेनात. मान हलते, पण ती आपली आपण हलते, होकार-नकाराचा तिला पत्ता नसतो. डोळ्यांना सारखं पाणी, सारखी उघडझाप, त्यामुळे पापण्यांच्या खुणांवरही भरवसा ठेवता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. समजतं मात्र सगळं.

मग आरोग्य केंद्रातल्या बाई येऊन गळपट्टा बसवून गेल्या. तो कसा चालतो ते इरफाननं मला नंतर समजावलं, मी माझ्या भाषेत सांगते. बोलायचं मनात आलं की मेंदू गळ्याच्या आणि जिभेच्या स्नायूंना हुकूम धाडतो. ह्यांच्या स्नायूंत तो पाळायची ताकद उरली नाही, पण हुकूम येतच राहतो. अगदी क्षीण विजेसारखा तो कातडीपर्यंत पोचतो आणि गळपट्टा ती वीज टिपतो. पुढचं काम 'कंठ'चं. 'पाटी' नावाचा लिहायचा एडिटर आहे ना, शाळेतली पोरं ज्यात निबंध लिहितात, त्याला जोडायचं हे एक्स्टेन्शन. स्वयंसेवकांनी गळपट्टे घालून उतारेच्या उतारे वाचले आणि त्यावरून 'कंठ' शिकलं, कुठली लहर म्हणजे कुठला शब्द. ते शब्द पाटीवर उमटतात आणि मोठ्यानं वाचलेही जातात. हे कुणा कंपनीच्या मालकीचं नाही, इरफानसारखे लोक फावल्या वेळात ते सांभाळतात. कुणीही आतलं उघडून बघावं, चुका सांगाव्यात, जमलं तर दुरुस्त कराव्यात. आता तर कायद्यानंही ते मान्य केलंय. गळपट्ट्यातून दिलेला होकार बँकेत चालतो, भाडेकराराला चालतो.

पहिल्या दिवशी पाटीवर शब्द आले, "उज्ज्वला, खिडकी उघड." मी खिडकी उघडली आणि गज धरून तिथंच रडले.

पण पुढे पुढे काहीतरी खटकायला लागलं. मी मुद्दाम आमटीत गूळ ओतला आणि विचारलं, "कशी झालीय?" पाटी म्हणाली, "छान झाली आहे." त्यांच्या मैदानातल्या मानाच्या ढाली माळ्यावर टाकायला काढल्या. "टाकू ना?" "चालेल." मग आमच्या लेकीनं, प्रणोतीनं, पुण्याहून फोन केला. "पप्पा, आता आमच्याकडेच राहायला या. तिथलं घर भाड्यानं देऊ." याच गोष्टीवरून एकदा भरलं ताट सरकवून उठलेला माणूस म्हणाला, "चालेल. येतो."

प्रणोती हरखली. "आई, पप्पा किती शांत झालेत गं!" डॉक्टर म्हणाले, अशा दुखण्यात स्वभाव बदलतो कधी कधी. भाडेकरू ठरला, टेम्पो ठरला. खरं सांगू? मलाही पुण्याला जायचंच होतं. एकटीनं त्यांना उठवून-बसवून माझी कंबर कामातून गेलीय. मला हवं तेच घडत होतं. पण पाटी 'चालेल' म्हणायची तेव्हा त्यांच्या डोळ्यांकडे बघवायचं नाही. पंचानं चुकीचा निकाल दिला की आखाड्याच्या कडेनं ते जसे बघायचे, तसेच बघायचे. हळूहळू ते बोलेनासेच झाले. पाणी, खिडकी, कूस बदल. बाकी काही नाही.

एका दुपारी त्यांची दाढी करता करता मी वैतागले. एकटीच भांडले, दोघांच्या वाटचं. आणि सवयीनं विचारून बसले, "माझ्याशी लग्न करून पस्तावलात ना?"

पाटी म्हणाली, "हो, बरोबर आहे."

माझ्या हातातला वस्तरा तसाच राहिला. त्यांच्या एका गालावर साबण, डोळ्यांतून पाणी. ते पाणी दुखण्याचं की दुसरं कसलं, तेही मला कळेना. अख्खा संसार झाल्यावर हे ऐकायचं? आवाज यंत्राचा होता, पण ते 'हो' कुणाचं? पुणं, घर, टेम्पो, सगळं गेलं खड्ड्यात. मला एवढंच कळायला हवं होतं. दाढी पुरी केली, तोंडावर पाणी मारलं आणि तक्रार लिहायला बसले.

इरफाननं ती दुसऱ्यांदा बंद केली, मी दुसऱ्यांदा उघडली. त्यानं लिहिलं, "ताई, वापरणारे समाधानी आहेत. 'घरात शांतता आली' असे कितीतरी अभिप्राय आलेत."

मी लिहिलं, "ते गळपट्टा घातलेल्यांनी लिहिलेत का त्यांच्या घरच्यांनी?"

मग एक ओळ आली. "व्हिडिओवर बोलू या का?"

इरफान चाळिशीतला निघाला, तंत्रनिकेतनात शिकवणारा. गळ्यात त्याच्याही पट्टा होता. "मी स्वतःवरच तपासतो, ताई. बघा तुम्ही." त्यानं स्वतःची पाटी मला दिसेल अशी लावली आणि एकेक वाक्य म्हणत गेला. मी येणार नाही. मला हे मान्य नाही. गूळ जास्त झाला आहे. सगळं जसंच्या तसं उमटत होतं. माझं अवसानच गळालं. म्हणजे ते 'हो' ह्यांचंच होतं तर.

तेवढ्यात आतून त्याच्या बायकोची हाक आली. "अहो, आणखी एक भाकरी टाकू का?"

इरफान स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, "च्यक्."

आणि त्याच्या पाटीवर शब्द उमटले, यंत्रानं ते खणखणीत वाचलेही, "हो, चालेल."

आतून भाकरी थापल्याचा आवाज आला. इरफान ओरडला, "अगं, नको म्हटलं ना!"

"आत्ताच तर हो म्हणालात!"

मी म्हटलं, "इरफान, परत एकदा च्यक् कर." माझ्या तोंडून एकदम अरे-तुरे निघालं, पण त्यालाही भान नव्हतं. त्यानं केलं. पाटीवर काहीच नाही. मी विचारलं, "भूक लागलीय का?" त्यानं परत केलं. "हो, चालेल."

"या अल्ला," तो म्हणाला, आणि प्रोग्रॅमच्या आत शिरला.

सापडलं ते असं. माणूस सारखी थुंकी गिळतो, खोकतो. त्यांचे शब्द होऊ नयेत म्हणून 'कंठ'ला एक चाळणी होती. गिळण्याची लहर आखूड आणि तीव्र असते. ती आली की चाळणी ती फेकून द्यायची आणि गळा स्थिर होईपर्यंत कान झाकून घ्यायची. च्यक्ची लहरही आखूड आणि तीव्र. तीही कचऱ्यात, आणि तिच्यामागून आलेलं सगळं बोलणंही कचऱ्यात. दुसऱ्या कुणी भल्या माणसानं आणखी एक सोय केली होती. आजारी माणसाला श्रम नकोत म्हणून, समोरच्याचा प्रश्न माइकवर ऐकायचा आणि पुढे जागा रिकामी राहिली तर लोक बहुतेक वेळा देतात ते उत्तर आपणहून भरायचं. दोन्ही सोयी चांगल्या मनानं केलेल्या. दोघींनी मिळून माणसाचा नकारच गिळला.

"पण हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?" मी विचारलं.

"उतारे सगळे पाठ्यपुस्तकातले होते, ताई. पुस्तकात कुणी च्यक् करतं का? मी तपासलं तेही पुस्तकातल्यासारखं बोलूनच." तो कपाळ चोळत म्हणाला. "आणि आपल्याकडचा रागावलेला माणूस 'नाही'नं सुरुवात करतच नाही. आधी च्यक्, मग पुढचा दांडपट्टा." मग त्याचा चेहराच उतरला. "लोकांनी यावर करार केलेत, ताई. ऑपरेशनला संमती दिलीय."

माणूस हट्टी होता, पण खोटा नव्हता. त्याच दिवशी त्यानं सगळ्या वापरणाऱ्यांना जाहीर कळवलं, की आमची चूक झाली आहे, आधीचे होकार पुन्हा विचारून घ्या. उत्तर भरायची सोय बंद केली. माझी तक्रार सगळ्यात वर लावली, माझ्याच शब्दांत.

मी ह्यांच्याजवळ बसून सगळं सांगितलं. "अहो, ते च्यक् खातंय. च्यक् न करता बोलून बघा." त्यांच्या डोळ्यांत इतक्या महिन्यांनी ओळखीचं काहीतरी हललं. पण साठी उलटलेल्या माणसाची सवय हो ती, सांगून जाते का? पुण्याचं नाव काढलं की पाटीवर नुसती कोरी ओळ. दोन-चारदा झालं आणि ते दमून झोपले. पस्तावलात का, हा माझा प्रश्न तर मी विचारलाच नाही. कोऱ्या ओळीचा अर्थ मी काय लावायचा होता? आणि पुस्तकी 'नाही' मला नकोच होतं. मला आमचं च्यक् हवं होतं.

प्रणोतीला फोन करून टेम्पो पुढे ढकलायला सांगितलं. ती चिडली. "आई, सगळं ठरलंय! पप्पांनीच हो म्हटलंय!"

"पप्पांनी म्हटलं नाही. कुणी म्हटलं ते इरफानला विचार."

पहिली दुरुस्ती चार दिवसांत आली आणि तितक्याच लगबगीनं परत गेली. तीव्र लहर आली की 'च्यक्' लिहायचं, असं केलं होतं. परभणीहून एका बाईंची तक्रार आली. "भाऊ जेवताना प्रत्येक घासाला च्यक् म्हणतो. वहिनीनं ताट उचललं. भाऊ उपाशी." मी हसले, पण काळजीनंच. गिळणं आणि नाकारणं यात फरक होता, पण तो शिकायला 'कंठ'ला पुष्कळ माणसांचं च्यक् हवं होतं. इरफाननं गळपट्टे असलेल्या स्वयंसेवकांना आवाहन केलं. लोकांनी पाठवलंही, खुर्चीवर ताठ बसून, एकामागून एक, च्यक्, च्यक्, च्यक्. काही उपयोग झाला नाही. कुणाला नकारच द्यायचा नसेल तर जीभ नुसती वाजते. तिच्या आधी गळा आवळत नाही, नंतरचे शब्द जिभेवर येऊन थांबत नाहीत. लहर वेगळीच.

मग मी त्या तक्रारीखाली लिहिलं, "भांडणं पाठवा. खरी. आणि जेवता जेवता भांडा, म्हणजे गिळणंही त्यातच येईल. नाहीतरी आपल्याकडे भांडणं ताटावरच होतात."

इरफाननं खाली जोडलं, "शब्द ठेवले जाणार नाहीत. फक्त लहरी."

काय सांगू तुम्हाला! मराठी माणसानं कुठल्या कामाला एवढ्या उत्साहानं हातभार लावलेला मी तरी बघितला नव्हता. अकोल्याच्या जावा-जावांनी एकमेकींच्या वांग्याच्या भाजीवरून पाठवलं. सावंतवाडीच्या दोघा भावांनी विहिरीच्या वाटणीवरून पाठवलं आणि खाली लिहिलं, "पुढचा भाग उद्या." नंदुरबारच्या एका जोडप्यानं कळवलं, "पट्टा घातल्यापासून हसूच येतंय, भांडण जमेना, माफ करा." ज्यांच्या घरी कुणी गळपट्ट्यावर होतं, तेही लिहायला लागले. आमचे बाबाही असेच गप्प झालेत. आमची आत्याही सगळ्याला बरं म्हणते. दुसरी कुणी तरी आपल्यासारखीच चार भिंतींत हे सोसतेय, हे वाचून मला किती धीर आला म्हणून सांगू!

इरफानचं आणि माझं मात्र शेवटी एकदा वाजलंच. तो म्हणाला, च्यक् ओळखलं की पाटीवर 'नाही' लिहू. मी म्हटलं, अजिबात नाही. माणूस च्यक् म्हणाला तर च्यक्च लिहायचं. "ताई, ते शब्दकोशात नाही." "मग घाल." तोही मागे हटेना, मीही हटेना, आणि अखेर त्याची बायको मागून म्हणाली, "ताई बरोबर बोलतायत." तिथं तो हरला.

नवी आवृत्ती आली. काय बदललं, त्याखाली पहिलीच ओळ होती: "दुरुस्ती: नवरा भांडत नाही."

प्रणोती पुण्याहून आली होती. भाडेकरूला शेवटचं काय ते कळवायचं होतं. सकाळची वेळ, खिडकी उघडी. मी नवी आवृत्ती चढवली, गळपट्टा नीट केला. सोपं काहीतरी विचारावं म्हणून म्हटलं, "आज आमटीत जरा जास्त गूळ घालू का?"

पाटी म्हणाली, "च्यक्. आमटी करतेस का बासुंदी?"

प्रणोती फिसकन हसली आणि लगेच गंभीर झाली. खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली. "पप्पा, खरं सांगा. पुण्याला यायचं ना?"

"च्यक्. कितीदा सांगू? किती महिने ओरडतोय मी. मी ओरडतोय आणि हे बेणं चालेल चालेल करतंय. आधी वाटलं, मलाच वेड लागलं." ओळीवर ओळ येत होती, यंत्राला दम घ्यायला वेळ मिळेना. "मला न विचारता माझं घर देता? माझ्या ढाली माळ्यावर? मी काय मेलोय?"

प्रणोतीचे डोळे भरले. तिनं त्यांचा हात धरला. "पप्पा, मला वाटलं..."

आणि मला काय झालं कोण जाणे. आनंद व्हायला हवा होता ना? मी भडकले. "मग माझं काय? तुम्हाला उचलून उचलून माझी कंबर गेलीय. रात्रंदिवस मी एकटी. मला लेक जवळ हवीय. मला पुण्याला जायचंय! मला कुणी विचारलं?"

पाटीवर कोरी ओळ. आता ती आपोआप भरणारं कुणी नव्हतं.

"कंबरेचं सांगितलं नाहीस," ते म्हणाले.

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?"

"च्यक्."

प्रणोती रडता रडता हसायला लागली. मीही. त्यांच्या चेहऱ्यावर हसू उमटत नाही आता, पण डोळे कळत होते मला.

मग ते बोलले, सावकाश. "पावसाळ्यात पुणं. जत्रा सुरू झाल्या की इथं. उचलायला माणूस ठेवायचा. तू उचलायचं नाही." वर म्हणाले, "ढाली खाली काढ आधी."

"पावसाळा कधी संपतो पण?" मी म्हटलं. "दिवाळीपर्यंत राहायचं."

"च्यक्. दसरा."

"दिवाळी!"

"पप्पा, आई, थांबा," प्रणोती फोन घेऊन उठली. "मी आधी भाडेकरूला नाही म्हणून येते. तुमचं चालू द्या."

ती अंगणात गेली. खोलीत आम्ही दोघंच उरलो. आता विचारलं नसतं तर मी कधीच विचारलं नसतं. मी उभी राहिले, कमरेवर हात ठेवले. दुखत होती, तरी ठेवले. आवाज मात्र नेहमीसारखा निघाला नाही.

"माझ्याशी लग्न करून पस्तावलात ना?"

त्यांची मान आपली हलत होती. डोळ्यांतून पाणी येत होतं. पाटीवरची ओळ कोरी होती, कोरीच होती, आणि मग उमटलं:

"च्यक्."

आधी चहा ठेवला. तक्रार मग बंद केली.